पानिपतची वेलांटी आणि खोडण्याच्या दोन कळा

१४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामामुळे मराठी माणसाच्या अंतःकरणात कायमचे रुजलेले पानिपत आज हरियाणात आहे, आणि तेथील हिंदी मजकुरात त्याच्या नावातील ‘नी’ दीर्घ लिहिला जातो. तो मजकूर मराठीत घेताना रिवाजाप्रमाणे दुसरी वेलांटी काढून पहिली द्यावी लागते. दुरुस्ती एवढीशी, परंतु बॅकस्पेस आणि डिलीट या दोन कळा किती भिन्न वागतात हे तीत स्पष्ट होते. कर्सर ‘नी’नंतर ठेवून बॅकस्पेस दाबली तर बहुतेक ठिकाणी केवळ वेलांटी जाते व ‘न’ शाबूत राहतो. कर्सर ‘नी’च्या अलीकडे ठेवून डिलीट दाबली तर न आणि वेलांटी दोन्ही एकदम नाहीशी होतात.

याचे कारण असे की, युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी अक्षर एकसंध साठविलेले नसून त्याचे घटक उच्चाराच्या क्रमाने नोंदलेले असतात. ‘पानिपत’मध्ये वाचकाला अक्षरे चार दिसतात, संगणकाच्या दफ्तरी नोंदी सहा असतात, आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत दर नोंदीस तीन बाइट लागत असल्याने एकंदर अठरा बाइट होतात. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘न’च्या आधी दिसते, पण नोंदीत ती नंतर असते, म्हणून बॅकस्पेसने अक्षराची डावी बाजू आधी पुसली जाते, हे पाहून नवख्याने गोंधळून जाऊ नये.

जोडाक्षरांत हा व्यवहार अधिक मनोज्ञ होतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये पानिपतच्या काळातील पत्रे ज्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात छापली, त्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावातील केवळ ‘ठ्यां’ घ्या. बॅकस्पेसच्या पहिल्या दाबाने अनुस्वार जातो, दुसऱ्याने काना, तिसऱ्याने य. मग हलन्त ‘ठ्’ उरतो, चौथ्या दाबाने त्याचा मोडलेला पाय सांधला जाऊन पूर्ण ‘ठ’ प्रकट होतो, आणि पाचव्याने तोही जातो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर हे पाच घटक एकेका कळेनेच उमटत असल्यामुळे, आल्या पायऱ्यांनी परत जाण्याची ही तजवीज मला अत्यंत रास्त वाटते. डिलीटने मात्र पुढील अक्षराचे पहिले व्यंजन तेवढे काढले, तर मागे राहिलेली मात्रा निराधार होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. म्हणून तिने सबंध अक्षरच न्यावे हे इष्ट.

युनिकोडच्या नियमावलीने ही दुहेरी रीत मान्य केली आहे, सक्तीची केलेली नाही. शिवाय तिच्या जुन्या नियमाने ‘ठ्यां’चे ‘ठ्’ आणि ‘यां’ असे दोन तुकडे पडत. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीतील जोडाक्षर अखंड मानले, तरी जुन्या नियमावर चालणारे प्रोग्राम ते अजूनही तोडतात.

आपले पोथीलेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून त्यावर नवे लिहीत. पुढे यंत्रयुगात अक्षरे छिद्रांनी नोंदणाऱ्या कागदी फितीवर चुकीच्या अक्षराच्या जागी सातही छिद्रे पाडून ते रद्द करीत, आणि म्हणूनच आस्की संकेतावलीत डिलीटला १२७ हा अखेरचा क्रमांक मिळाला. दोन्ही रीतींत मूळ चूक झाकली जाई, काढली जात नसे. अक्षराचा एकेक अवयव सोडविण्याची सोय आपल्याच पिढीला लाभली आहे.

तेव्हा मराठी लेखनाचे प्रोग्राम घडविणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे की, त्यांनी ‘मराठ्यांच्या’ हा शब्द दोन्ही कळांनी खोडून पाहावा, आणि बॅकस्पेसने एकेक घटक व डिलीटने सबंध अक्षर जात नसेल, तर तो दोष समजून दुरुस्त करावा.