तळ्याच्या काठी लव्हाळा

विदर्भातले भंडारा आणि गोंदिया हे तळ्यांचे जिल्हे. शेकडो वर्षांपूर्वी कोहळी लोकांनी तिथं तळी बांधली. त्यांच्या पाण्यावर आजही धान पिकतं. ढिवर लोक तिथं मासे धरतात.

मध्यंतरी या तळ्यांत बेशरम माजली. हे झुडूप परमुलखातून आलेलं. त्याचा पाला जनावरांना बाधतो. त्यानं जागा धरली आणि देशी पाणवनस्पती कमी झाल्या. मग मासळीनं अंडी घालायची कुठं? मासे घटले. ढिवरांच्या पोटावर पाय आला. तेव्हा काही गावांतल्या ढिवर बायांनी कंबर कसली. बेशरम मुळासकट उपटली. देशी वनस्पती पुन्हा लावल्या. तळ्यांत मासळी वाढू लागली.

लव्हाळा ही अशीच देशी वनस्पती. ती आपणही लावू शकतो.

लव्हाळा ओळखायचा कसा? काडी दोन बोटांत धरून फिरवा. गवताची काडी गोल असते. तिला पेरं असतात. लव्हाळ्याची काडी बोटांना तीन धारांची लागते. तिला मध्ये पेर नसतं.

लव्हाळ्याचा उपयोग काय? त्याची मुळं माती धरून ठेवतात. काठ ढासळत नाही. तळ्यात गाळ कमी येतो. त्याच्या आडोशाला मासळीची पिलं राहतात. पाखरं त्याचं बी टिपतात.

आता लावायचा कसा ते पाहू. पाऊस लागला की जवळच्या ओढ्यातून किंवा तळ्यातून लव्हाळ्याचे गड्डे मातीसकट काढावेत. सगळे काढू नयेत, थोडे तिथंच ठेवावेत. काठाच्या ओल्या चिखलात हातभर अंतरावर एकेक गड्डा दाबून बसवावा. खोल पाण्यात लावू नये. पहिलं वर्षभर काटेरी फांद्यांचं कुंपण करावं, नाही तर गुरं तुडवतात. गुरांच्या पाण्याची आणि धुण्याची जागा मात्र मोकळी सोडावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेतातला मोथा आणून लावू नका. तोही याच कुळातला. त्याची गाठ औषधी खरी, पण एक गाठ राहिली तरी पुन्हा फुटते. रानात शिरला की निघता निघत नाही.

लव्हाळा फार दाटला तर पाणी ओसरल्यावर थोडा कापावा. सगळा काठ एकदम कापू नये.

तळं गावाचं आहे. काठ ढासळला तर नुकसान सगळ्यांचंच. म्हणून या पावसाळ्यात घरटी एक माणूस निघू या आणि काठ बांधून घेऊ या. त्याला पैसा लागत नाही, हात लागतात.