शालेय सहल आणि कोकणातील कातळशिल्पे

कोकणातील नऊ कातळशिल्प स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यांपैकी सात स्थळे रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. तथापि दौंड तालुक्यातील कासुर्डीसारख्या गावांतून निघणारी शालेय सहल बहुधा गणपतीपुळे व समुद्रकिनारा पाहूनच परतते.

कातळशिल्प म्हणजे जांभ्याच्या उघड्या सड्यावर कोरलेली आकृती होय. भीमबेटकाप्रमाणे येथे गुहा नाही, रंग नाही. पायाखालची जमीन हाच चित्रफलक. कशेळी येथील हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या देहरेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. काठावर उभ्या असलेल्या मुलास प्रथम केवळ चर दिसतात. आकृतीभोवती फिरून, सोंड व पाय शोधून, कागदावर रेखाटन केल्यावरच हत्ती उमगतो. त्यासाठी सकाळचे वा सायंकाळचे तिरपे ऊन उपयुक्त ठरते. माध्यान्ही चरांत सावली राहत नाही.

काही स्थळी गेंड्याची आकृती ओळखली गेली आहे. कोकणात आज गेंडा नाही. मग कोरणाऱ्याने तो कोठे पाहिला, हा प्रश्न मुले विचारणारच. येथे शिक्षकाची खरी कसोटी लागते. 'दहा हजार वर्षांपूर्वीचे' असे ठाम उत्तर देणे सोपे असते, परंतु ते योग्य नव्हे. नुसत्या कोरीव रेषेत कार्बनमापनास लागणारा सेंद्रिय अंश नसतो; त्यामुळे तिचे वय थेट काढता येत नाही. याउलट कासुर्डीच्या शेजारच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात कोळसा व जळके धान्य मिळाले, म्हणून त्या वसाहतीचा काळ (सुमारे इ.स.पू. १६०० ते ७००) सांगता आला. सहलीपूर्वी वर्गात इनामगावची ही माहिती दिल्यास 'माहीत असणे' आणि 'वाटणे' यांतील भेद मुलांना उदाहरणासह कळतो.

छायाचित्रासाठी चर खडूने भरणे, आकृतीवर बसणे वा बुटांनी चालणे हे प्रकार मात्र कटाक्षाने टाळावयास हवेत. उक्षी येथील हत्तीभोवती संरक्षक कठडा आहे. अन्यत्र सडा बव्हंशी खाजगी व मोकळा असतो. जमीनमालकाची परवानगी आधी घ्यावी आणि एका वेळी दहा-बारा मुलेच आकृतीजवळ न्यावीत. उरलेल्यांनी तोवर सड्याच्या कडेला बसून रेखाटन पूर्ण करावे.