किनाऱ्यावरील कोळंबी आणि आपले शेततळे

समुद्रापासून इतक्या दूर, पेडगावसारख्या काळ्या मातीच्या गावी कोळंबीवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न कोणासही पडेल. आपला संबंध ज्वारी, कापूस व सोयाबीन यांच्याशी. परंतु शेततळे आपल्याही शिवारात आले आहे, आणि त्यात काय सोडावे हा प्रश्न आता आपलाही आहे. म्हणून किनाऱ्यावर काय घडले ते आधी पाहू.

खाऱ्या पाण्यातील शेती नवी नव्हे. गोव्यातील खाजणे घ्या. खाडीकाठची जमीन बांध घालून राखावयाची आणि बांधात ‘मानस’ नावाचे दार बसवावयाचे. भरतीच्या जोराने ते मिटते, ओहोटीस उघडते. पावसाने मीठ धुऊन गेले की खार सोसणारे भात पिकते. दाराशी मासळी व कोळंबी सापडते. केरळात पोक्कळी भाताच्या कापणीनंतर त्याच शेतात कोळंबी वाढवितात. उत्पन्न बेताचे, पण जमीन शाबूत.

मग शास्त्र पुढे सरसावले. समुद्रातील कोळंबीची पिले टाकीत जगविणे फार अवघड असे. ती वाट जपानच्या मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३४ पासून दाखविली. बीज हवे तेव्हा मिळू लागताच एका तळ्यात पूर्वीच्या कितीतरी पट कोळंबी वाढविता येऊ लागली. मात्र तिला खाद्य बाहेरून घालावे लागे, आणि उरलेले खाद्य व विष्ठा तळाशी कुजत असे. १९८८ मध्ये तैवानचा धंदा रोगाने कोसळला. १९९४ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने आपला पूर्व किनारा गाठला. तळ्यांतून झिरपलेल्या खाऱ्या पाण्याने शेजारची शेते व विहिरी बिघडल्याच्या तक्रारी झाल्या. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी किनाऱ्यावरील अशा तळ्यांवर कडक निर्बंध घातले. पुढे २००५ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन परवान्याची व्यवस्था आली, आणि २००९ मध्ये मूळच्या अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हॅनामी कोळंबीस परवानगी मिळाली. आज आपल्या निर्यातीत तिचा वाटा मोठा आहे.

ही कोळंबी कमी खाऱ्या पाण्यातही वाढते. हरियाणा व पंजाबमध्ये आधीच खारावलेल्या जमिनींवर तिची तळी झाली आहेत. मग आपण मीठ घालून ती का करू नये? येथे थोडे थांबावयास हवे. खाजणातील मीठ कोकणचा पाऊस धुतो आणि ओहोटी समुद्रात नेते. आपल्याकडे तसा पाऊस नाही, ओहोटी तर नाहीच. काळ्या मातीतून पाण्याचा निचरा मंद होतो. येथे आणलेले मीठ येथेच राहील, आणि पैसा एकाचा होऊन विहीर मात्र शेजाऱ्याची जाईल.

मग करावे काय? गोड्या पाण्यात वाढणारी जंबो कोळंबी आहे. पण तिच्या पिलांनाही आरंभी मचूळ पाणीच लागते, हे शाओ-वेन लिंग यांनी मलायात १९६० नंतर दाखविले. म्हणून तिचे बीज केंद्रातून आणावे लागते. शिवाय पाणी गारठले की तिची वाढ खुंटते, आणि परभणीचा हिवाळा आपण जाणतोच. त्याहून सोपी वाट रोहू, कटला व मृगळ यांची. ओडिशात अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून रोहूवर्गीय माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालविली. तेव्हापासून त्यांच्या बीजासाठी नदीच्या पुराकडे पाहत बसावे लागत नाही.

आम्ही कोळंबीचे वैरी नाही. मात्र तळे खणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: बीज कोठून येणार, घाण कोठे जाणार, आणि पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरणार का? किनाऱ्याने या प्रश्नांची उत्तरे फार मोल देऊन मिळविली. आपणांस ती फुकट मिळत आहेत, ती घ्यावीत.