नांगर न लागलेलं माळरान

घोडा तुम्ही पाहिलाच असेल. टांग्याला जुंपलेला, नाहीतर वरातीत नवरदेवाला मिरवणारा. पण ब्रशासारखी ताठ आयाळ, कपाळावर झुलुपं नाहीत आणि अंग पिवळसर तपकिरी, असा घोडा पाहिलाय का? हा ताखी, म्हणजेच प्रझेवाल्स्कीचा रानघोडा! पाळीव घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रं असतात, याच्या पेशीत ६६.

हा घोडा वाचला, त्यात युक्रेनमधल्या एका माळरानाचा मोठा वाटा आहे. त्याचं नाव अस्कानिया-नोव्हा.

काळ्या समुद्राच्या उत्तरेला पूर्वी ‘स्टेप’ नावाची अफाट गवताळ मैदानं होती. नजर पोचेल तिथवर गवत, झाड मात्र औषधालाही नाही! पुढे नांगर आले आणि बघता बघता सगळीकडे शेतं झाली. तिथे फ्रीडरिख फाल्ट्स-फाइन नावाचे एक जमीनदार होते. घरचा धंदा मेंढ्यांचा, पण वेड पशुपक्ष्यांचं! १८९८ साली त्यांनी आपल्या जमिनीचा एक भाग राखून ठेवला. इथे नांगर चालवायचा नाही, म्हणजे नाही! पुढच्याच वर्षी ताखीची शिंगरंही तिथे आली.

दुसऱ्या महायुद्धात मात्र घात झाला. जर्मन सैनिकांनी इथले ताखी मारून टाकले. तिकडे मंगोलियातही १९६९ नंतर रानात एकही ताखी दिसला नाही. पण १९४७ साली रानात पकडलेली एक घोडी १९५७ मध्ये अस्कानियात आली आणि कळप पुन्हा वाढू लागला. १९९२ साली इथलेच काही घोडे मंगोलियाला धाडले गेले. लेकरं आजोळी परतली म्हणा ना!

आज हे राखीव क्षेत्र सुमारे ३३,००० हेक्टर आहे. त्यातल्या ११,००० हेक्टरांना कधीच नांगर लागलेला नाही. इथे पिसासारख्या तुऱ्यांचं गवत डोलतं. कांड्या करकोचे घरटी करतात. या जातीचे दुसरे थवे हिवाळ्यात आपल्या देशातही येतात बरं का!

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं सैन्य आलं आणि हे माळरान पुन्हा युद्धात सापडलं. वाळक्या गवताला एक ठिणगीही पुरते. शिवाय मुक्या जनावरांना कुठली सरहद्द कळणार?

आपणही माळाला ‘पडीक जमीन’ म्हणून मोकळे होतो. आता माळावर गेलात की दहा मिनिटं गवतात नीट बघा. किती जणांचं घर आहे ते, मोजा पाहू!