छत्तीस लाख इकडे, छत्तीस लाख तिकडे

अमेरिकेतल्या सर्वांत कमी लोकसंख्येच्या पाच राज्यांची बेरीज करून पाहा. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगमध्ये ५,७६,८५१ माणसं होती, व्हरमाँटमध्ये ६,४३,०७७, अलास्कात ७,३३,३९१, नॉर्थ डकोटात ७,७९,०९४ आणि साउथ डकोटात ८,८६,६६७. एकूण ३६,१९,०८०.

आता त्याच झेंड्याखालचे, पण राज्याचा दर्जा नसलेले समुद्रापारचे पाच प्रदेश घ्या. प्वेर्तो रिको ३२,८५,८७४, ग्वाम १,५३,८३६, यूएस व्हर्जिन आयलंड्स ८७,१४६, अमेरिकन सामोआ ४९,७१० आणि नॉर्दर्न मारियाना ४७,३२९. एकूण ३६,२३,८९५. म्हणजे त्या पाच राज्यांपेक्षा ४,८१५ माणसं जास्तच!

पहिल्या छत्तीस लाखांच्या वाट्याला सिनेटच्या १० जागा, प्रतिनिधिगृहाच्या ५ आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली १५ मतं येतात. दुसऱ्या छत्तीस लाखांच्या वाट्याला तिन्ही ठिकाणी शून्य. हे प्रदेश प्रतिनिधिगृहात एकेक सदस्य पाठवतात खरे. तो भाषण करतो, समितीत बसतो. पण विधेयक मंजूर करायची वेळ आली की त्याला मत नसतं.

खुद्द राजधानीची तऱ्हाही फारशी वेगळी नाही. १७७ चौरस किलोमीटरच्या वॉशिंग्टन डीसीत २०२० मध्ये ६,८९,५४५ लोक राहत होते. त्याच्या चौदाशे पट पसरलेल्या वायोमिंगपेक्षा हे लाखभराने जास्त. ते केंद्राचा आयकर पूर्ण भरतात. १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडताना ३ मतं दिली, सिनेटर मात्र एकही नाही. ‘प्रतिनिधित्व नाही, तरी कर’ ही तक्रार २००० पासून तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच छापली जाते.

फ्लोरिडाचा मतदार पुण्यात राहायला आला, तरी राष्ट्राध्यक्षासाठी टपालाने मत देऊ शकतो. तोच प्वेर्तो रिकोची राजधानी सान हुआनमध्ये स्थायिक झाला, तर तो हक्क जातो. देश सोडला तर मत टिकतं, देशाच्याच बेटावर गेलं तर बुडतं! ग्वामचे लोक दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षासाठी मतपत्रिका भरतात, मतं मोजलीही जातात. निकालात मात्र त्यांतलं एकही धरलं जात नाही.

या भागांना राज्याचा दर्जा द्यायला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. राजधानी कोणा एका राज्याच्या मुठीत नसावी, म्हणून राज्यघटनेने ती काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ताब्यात दिली. प्वेर्तो रिकोत बहुतेकांना बेटावरच्या कमाईवर केंद्राचा आयकर लागत नाही. तिथल्या २०१७ च्या कौलात ९७ टक्के मतं राज्याच्या बाजूने पडली, पण मतदानच २३ टक्के झालं होतं. अमेरिकन सामोआत वडिलोपार्जित जमिनीची परंपरा मोडेल, अशी धास्ती आहे. सगळ्यांना एकच उत्तर लागू पडणार नाही.

पण विचारायला तर हवं! १९६७ ते २०२४ या काळात प्वेर्तो रिकोत सात वेळा कौल घेतला गेला. एकही काँग्रेसवर बंधनकारक नव्हता. डीसीत २०१६ मध्ये सुमारे ८६ टक्क्यांनी राज्य मागितलं. प्रतिनिधिगृहाने २०२० आणि २०२१ मध्ये तसं विधेयक मंजूर केलं, आणि सिनेटमध्ये ते अडलं. ज्या सिनेटमध्ये या लोकांचा एकही माणूस नाही, तिनेच त्यांचा निवाडा करायचा, हा न्याय नव्हे. काँग्रेसने बंधनकारक कौल घ्यावा आणि जो निकाल लागेल तो मानावा. अलास्का आणि हवाई १९५९ मध्ये राज्यं झाली. त्यानंतर अमेरिकेने एकही नवं राज्य केलेलं नाही.