कंठ एकीचा, ओठ दुसरीचे

हॉलिवूडच्या संगीतपटांविषयी बोलताना रसिक बहुधा नृत्याचे चापल्य, पोशाखांचा झगमगाट आणि चालींचे माधुर्य यांतच रमतात. परंतु त्या चित्रपटांत गाणारा कंठ, हलणारे ओठ आणि थिरकणारी पावले ही पुष्कळदा एकाच देहाची नसत, आणि ती एकाच देहाची आहेत हा भास अभंग राहावा म्हणून केवढी तजवीज करावी लागे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. नट म्हटला की तो गायक असलाच पाहिजे, अशा संगीत रंगभूमीच्या संस्कारात वाढलेल्या मराठी मनाला तर हा प्रकार अधिकच चमत्कारिक वाटावा.

या ताटातुटीच्या मुळाशी एक काटकसर आहे. १९२७ साली वॉर्नर बंधूंच्या ‘द जाझ सिंगर’मध्ये अल जोल्सन गायला, तेव्हा गायन आणि चित्रण एकाच वेळी झाले होते. पुढे दोन वर्षांनी मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या ‘द ब्रॉडवे मेलडी’तील रंगीत बाहुलीच्या लग्नाचे समूहनृत्य निर्मितिप्रमुख आयर्व्हिंग थॅलबर्ग यांच्या पसंतीस उतरेना. ते पुन्हा चित्रित करायचे, तर वाद्यवृंदाला पुन्हा पाचारण करून मेहनतानाही दुसऱ्यांदा मोजणे आले. ध्वनिमुद्रण निर्दोष असताना ते टाकावे कशाला, तेच कर्ण्यांतून वाजवून नर्तकांना त्या ठेक्यावर पुन्हा नाचवावे, अशी तोड ध्वनिविभागाचे डग्लस शिअरर यांनी काढली. कॅमेरा त्यामुळे मोकळा झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांच्या कवायती बसवलेल्या बझ्बी बर्कली यांनी १९३३ च्या ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’मध्ये तो थेट छताशी चढवला आणि खाली नर्तिकांच्या देहांची कमळे उमलवली व मिटवली. मात्र कंठ एकदा देहापासून सुटा झाला, की तो कोणाच्याही ओठांवर बसवता येतो, ही सोयही त्याच क्षणी जन्मास आली.

फ्रेड अ‍ॅस्टेअर यांचा आग्रह या प्रवाहाच्या नेमका उलट होता. नर्तकाचा देह मस्तकापासून पावलांपर्यंत चौकटीत दिसलाच पाहिजे आणि नृत्य होईल तितके अखंड टिपले पाहिजे, अशी त्यांची अट असे. १९३६ च्या ‘स्विंग टाइम’मधील अखेरच्या युगुलनृत्याचे चित्रण ४७ वेळा करावे लागले आणि जिंजर रॉजर्सचे पाय बुटांत रक्तबंबाळ झाले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. तथापि टाचांचा जो नाद आपण मोठ्या भक्तिभावाने ऐकतो, तो चित्रणानंतर निराळा मुद्रित होत असे. आणि जिंजरच्या पदन्यासाचा नाद पुष्कळदा अ‍ॅस्टेअर यांचे नृत्यसाहाय्यक हर्मीस पॅन हे आपल्या पावलांनी भरून काढीत. देहाच्या अखंडतेचा एवढा कैवार घेणाऱ्याच्या घरीही उसनवारी चुकली नाही, याची मला तरी मौज वाटते.

परंतु या लपंडावाचा कळस ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये पाहावा. जीन केली आणि स्टॅन्ली डॉनन यांनी दिग्दर्शित केलेल्या १९५२ च्या या चित्रपटाचे कथानकच मुळी उसन्या आवाजाचे. कर्कश कंठाच्या लीना या तारकेसाठी कॅथी नावाची होतकरू मुलगी पडद्याआड बोलते व गाते, आणि शेवटी पडदा उघडून खरी गायिका जगापुढे येते. आता प्रत्यक्ष कारभार पाहा. लीनासाठी कॅथी ज्या ठिकाणी संवाद बोलते, तेथे आवाज आहे तो लीनाची भूमिका करणाऱ्या जीन हेगन यांचाच. आणि कॅथी लीनासाठी गाते ते संथ प्रेमगीत ना जीन हेगनचे, ना कॅथी झालेल्या डेबी रेनल्ड्सचे, तर बेटी नॉइस या तिसऱ्याच गायिकेचे. चोरी उघडकीस आणणाऱ्या कथेतच ही बिनबोभाट चोरी नांदत होती, आणि बेटी नॉइसचे नाव श्रेयनामावलीत नव्हते.

या अनामिकांमध्ये मार्नी निक्सन यांचा मान पहिला. १९५६ च्या ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा कर, १९६१ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुड आणि १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’मध्ये ऑड्री हेपबर्न, अशा तीन नायिकांना त्यांनी कंठ दिला. डेबोराबाईंशी त्यांचे सूत असे जमले, की एकाच गीतात बोलीचे शब्द एकीचे आणि सुरांचे दुसरीचे असूनही सांधा कळू नये. नॅटली वुडने स्वतःच्या मुद्रित गायनावर ओठ हलवून चित्रण पुरे केले होते. त्या हललेल्या ओठांवर आपला सूर नंतर चपखल बसवण्याचे दुर्घट काम मार्नीबाईंकडे आले. तिन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचा नामनिर्देश नव्हता. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या ध्वनिमुद्रिकेच्या उत्पन्नातही त्यांचा वाटा ठरलेला नव्हता, तेव्हा संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी आपल्या हिश्श्यातून पाव टक्का त्यांच्या नावे करून दिला. आपल्याकडेही १९४९ च्या ‘महल’च्या ध्वनिमुद्रिकेवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापले गेले होते. पण येथे पार्श्वगायकाचे नाव लवकरच घरोघरी पोचले, आणि तेथे ते दप्तराबाहेर पडू नये असा बंदोबस्त राहिला.

१९६५ साली ‘द साउंड ऑफ म्यूझिक’मध्ये मार्नी निक्सन सिस्टर सोफिया या जोगिणीच्या छोट्या भूमिकेत आल्या. मठातील जोगिणी मारियाच्या उच्छृंखलपणाचा गात गात खल करतात, त्या घोळक्यात पांढऱ्या कोंदणातला तो चेहरा क्षणभरच दिसतो. या वेळी ओठही त्यांचेच आहेत.