शस्त्रक्रियेनंतरचे विस्मरण : आधी सांगता येईल काय ?

"ऑपरेशन उत्तम झालं, पण आजोबा पूर्वीचे राहिले नाहीत." हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी घरी किंवा शेजारी ऐकले असेल. हिशेब चुकतो, नावे आठवत नाहीत, वर्तमानपत्र हातात असते पण वाचन पुढे सरकत नाही. घरची मंडळी सारा दोष भुलीला देतात. मी संख्याशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे. परंतु हा प्रश्न मुळात संभाव्यतेचा असल्यामुळे मी त्याच्या वाटेला गेलो.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत म्हातारे माणूस भलतेच बोलू लागते, रात्री उठून घरी जायचे म्हणते आणि सकाळी पुन्हा शुद्धीवर असते. याला आपण वात झाला असे म्हणतो. काही रुग्ण बडबडत नाहीत, नुसते गप्प पडून राहतात. तोही वातच, पण चटकन ओळखू येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आठवडे किंवा महिने टिकणारी स्मरणशक्तीची व एकाग्रतेची घट. वात झालेल्यांत ती अधिक आढळते, तरी दोन्ही एक नव्हेत.

१९५५ साली बेडफर्ड या इंग्लिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की, वृद्धांवर अगदी निकडीची असेल तरच शस्त्रक्रिया करावी. पण वय झालेल्या माणसाची स्मृती शस्त्रक्रियेविनाही मंदावते. तेव्हा तुलना कोणाशी करायची? याचे उत्तर १९९८ च्या एका मोठ्या पाहणीत मिळाले. हृदयाखेरीज अन्य मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या, साठ व त्यापुढील वयाच्या १,२१८ रुग्णांच्या चाचण्या आधी व नंतर घेतल्या. आठवड्याने २५.८ टक्के रुग्णांत घट दिसली, तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांत. शस्त्रक्रिया न झालेल्या गटात हेच आकडे ३.४ व २.८ होते. म्हणजे अशी घट खरोखरच होते, परंतु बहुतेकांची भरूनही येते.

या पाहणीतील मला सर्वांत मोलाचा वाटलेला निष्कर्ष नकारार्थी आहे. रक्तातील प्राणवायू कमी पडणे आणि रक्तदाब उतरणे हीच कारणे असणार, असा अनेकांचा कयास होता. तसा संबंध आढळला नाही. आठवड्यानंतरच्या घटीशी संबंध दिसला तो वाढते वय, लांबलेली भूल, कमी शिक्षण, दुसऱ्यांदा करावी लागलेली शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग व श्वसनाचे विकार यांचा. तीन महिन्यांनंतरच्या घटीशी फक्त वयाचा. भूल पाठीतून दिल्यास धोका टळतो ही समजूतही टिकलेली नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, खुबा मोडलेल्या १,६०० रुग्णांच्या प्रयोगात वाताचे प्रमाण दोन्ही प्रकारच्या भुलीत सुमारे वीस टक्केच निघाले.

शिक्षणाचा संबंध कसा, असे कोणी विचारील. तज्ज्ञ मेंदूच्या गंगाजळीची कल्पना मांडतात : साठा मोठा असला तर थोडा खर्च जाणवत नाही. मला येथे थोडी सावधगिरी हवीशी वाटते. रुग्णाला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून मध्ये घड्याळाचे चित्र काढायला लावायचे, ही सोपी चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी घेता येते. पण जिने हाती पेन्सिलच धरली नाही तिचे घड्याळ वाकडे येणारच. आमच्या सीमाभागात आणखी एक पेच आहे. माझी मावशी देवाचे मराठीत म्हणे, पण दुकानामुळे पैशांचा हिशेब कानडीत करी. तिची परीक्षा कोणत्या भाषेत घ्यावी ? निदान आधीची व नंतरची चाचणी एकाच भाषेत व्हावी.

अशा भाकिताचा अर्थ नीट समजला पाहिजे. शंभरांत दहा म्हणजे अमुक काकांना एक दशांश विस्मरण होईल असे नव्हे. शिवाय खुबा मोडला असता शस्त्रक्रिया टाळणे सहसा अधिक घातक ठरते. भाकिताचा उपयोग नकार देण्यासाठी कमी आणि जपण्यासाठी अधिक. रुग्णालयातील वृद्धांना चष्मा व श्रवणयंत्र हाताशी देणे, पुरेसे पाणी पाजणे, लवकर चालते करणे, रात्री झोपू देणे, वार व ठिकाण सांगत राहणे, एवढ्याने वाताचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आल्याचे १९९९ साली अमेरिकेत दिसले. घरी आजी-आजोबांची शस्त्रक्रिया ठरली असेल तर पूर्वी कधी वात झाला होता का, अलीकडे विसराळूपणा वाढला आहे का आणि झोपेच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे भूलतज्ज्ञांना आपण होऊन सांगावे. ते विचारतीलच याची वाट पाहू नये.